खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ: आधी ओळख, मग उपाय

खाऱ्या पाण्याची टाकी लावून दीड-दोन महिने झाले की घरोघरी तीच तक्रार सुरू होते. पांढरी वाळू तपकिरी पडते, दगडांवर हिरवे केस उगवतात, सकाळी पुसलेली काच संध्याकाळी पुन्हा धुरकट होते. कुणी पाणी बदलायला सांगतं, कुणी दिवे कमी करायला, कुणी एखादं औषध आणून ओतायला. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या तरी टाकीला लागू पडतोच. पण टाकीत काय उगवलंय हे न पाहता तो अमलात आणला, तर नुकसानही होऊ शकतं. हिरव्या केसाळ शेवाळाला आवरायचं तर पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट खाली आणावं लागतं. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या तपकिरी, चिकट जिवांच्या बाबतीत तेच केलं तर ते आणखी फोफावतात. लांबून पाहिलं तर दोन्ही टाक्या सारख्याच घाणेरड्या दिसतात. म्हणून बाटलीला हात लावण्याआधी ओळख पटवायला दोन दिवस गेले तरी चालतील.

हिशोबासाठी पुढे सगळीकडे २०० लिटरची टाकी धरली आहे.

काय उगवलंय?

नव्या टाकीत सगळ्यांत आधी येतो तो तपकिरी धुरळा. हे डायाटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेले एकपेशीय जीव. बोट फिरवलं की ते काचेवरून सहज निघतात. त्यांच्यात तारा नसतात, बुडबुडे नसतात, चिकटपणाही फारसा नसतो. नळाच्या पाण्यातली आणि नव्या वाळूतली सिलिका संपत आली की ते बहुधा आपोआप ओसरतात.

लाल, किरमिजी, कधी काळपट किंवा निळसर हिरवा असा सलग बुळबुळीत थर वाळूवर पसरला असेल, तो कोपऱ्यातून उचलला की तुकड्या-तुकड्याने सोलून निघत असेल आणि हाताला कुबट वास येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया. हे खरं शेवाळ नव्हेच. प्रकाशावर अन्न तयार करणारे हे जिवाणू आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही म्हणूनच वेगळे.

तपकिरी, शेंबडासारख्या तारा, तारांच्या टोकांना अडकलेले हवेचे बुडबुडे, दिवसभरात वाढत जाणारा आणि रात्री दिवे गेल्यावर बराचसा नाहीसा होणारा थर, आणि त्याच सुमारास मरू लागलेल्या गोगलगायी. ही लक्षणं एकत्र दिसली तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा. शौकीन मंडळी त्यांना नुसतं ‘डायनो’ म्हणतात.

संशय तपासायची एक घरगुती रीत आहे. तो चिकट भाग थोड्या टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्यायचा, बाटली जोरात हलवायची आणि ते पाणी कॉफीच्या गाळणकागदातून किंवा दाट विणीच्या कापडातून गाळून घ्यायचं. गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवलं आणि त्यात पुन्हा तारा जमल्या, तर ते डायनोच. डायनोच्या सुट्या पेशी कापडातून पार होतात आणि पुन्हा एकमेकींना चिकटतात. सायनोबॅक्टेरियाचे धागे बहुतेक गाळणीवरच राहतात.

शाळेत वापरतात तसा ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर प्रश्नच मिटतो. डायाटम काचेसारखे, रेखीव आणि सममित दिसतात. सायनोबॅक्टेरियाचे बारीक धागे दिसतात. ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोच्या पेशी थेंबाच्या आकाराच्या असतात आणि टोकाशी बांधल्यासारख्या एकाच जागी गरगर फिरतात. या छंदात दिव्यांवर आणि पंपांवर इतका खर्च होतो, की त्याच्या एका अंशात येणारा सूक्ष्मदर्शक प्रत्येकाने घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

हिरव्या रंगाचे प्रकार डोळ्यांनीच ओळखता येतात. मऊ, बारीक केसांचे झुपके असतील तर ते बहुधा डर्बेसिया किंवा क्लॅडोफोरा. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या फुटून पिसाचा आकार आला असेल तर ब्रायोप्सिस. चकचकीत हिरवे फुगे असतील तर व्हॅलोनिया. यातला प्रत्येक फुगा म्हणजे एकच पेशी असते आणि जगातल्या सगळ्यांत मोठ्या एकट्या पेशींमध्ये व्हॅलोनियाची गणना होते.

गुलाबी किंवा जांभळा, खडबडीत, खरवडूनही न निघणारा लेप दिसला तर त्याला हात लावू नका. ते कॅल्शियमचा थर बांधणारं कोरलाइन शेवाळ आहे. त्याने व्यापलेल्या दगडावर उपद्रवी शेवाळाला पाय रोवायला जागा कमी मिळते.

नव्या टाकीचे पहिले महिने

पहिले तीन-चार आठवडे टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बस्तान बसवत असतात. त्यानंतरही दगडांचा आणि वाळूचा पृष्ठभाग बराचसा रिकामाच असतो. आधी डायाटम, मग सायनो, मग हिरवे केस असा क्रम पुष्कळ टाक्यांमध्ये दिसतो आणि पहिल्या सहा महिन्यांत तो दिसला तर घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे हा काळ लांबतो त्याला एक कायदेशीर कारणही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दगडी प्रवाळ आहेत, समुद्री काकड्याही आहेत. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. त्यामुळे आपली टाकी कोरड्या किंवा बनवलेल्या दगडांवर उभी राहते. अशा दगडावर सुरुवातीला जिवाणू नसतात, बारीक कवचधारी किडे नसतात, कोरलाइनही नसतं. या मोकळ्या जागेवर जो आधी पोचतो तो पसरतो. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू, फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा कोरलाइन असलेला छोटा दगड मिळाला तर त्याचं मोल विकतच्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त आहे. फक्त त्या टाकीत व्हॅलोनिया, ब्रायोप्सिस किंवा माशांचा रोग नाही याची खात्री करून घ्या.

पाणी कुठून येतं

मुंबई-पुण्याच्या नळाचं पाणी प्यायला कितीही चांगलं असलं तरी त्यात सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट आणि क्लोरीन कमी-जास्त प्रमाणात असतं. त्यात मीठ मिसळलं की शेवाळाचं खत तयार. घरातला पिण्याच्या पाण्याचा आरओ पुरेल असं अनेकांना वाटतं, पण यातली बरीच यंत्रं चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावून पाहिलं तर आकडा पन्नासच्याही वर निघू शकतो. टाकीसाठी तो शून्य हवा आणि त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी लागते. सिलिका आरओच्या पडद्यातून थोडी सुटते, ती या रेझिनमध्ये अडते. रेझिन संपत आलं की शून्याचा एक-दोन होतो. तेव्हाच ते बदलायचं.

मिठाच्या पाण्यापेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते रोज घालायच्या पाण्याकडे. बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना मिठाचं नव्हे, शुद्ध गोडं पाणी घालायचं. एप्रिल-मे महिन्यात टाकी थंड ठेवायला वर पंखा लावला की २०० लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटरही सहज उडतात. महिन्याला साठ, पाच महिन्यांत तीनशे लिटर. हे पाणी नळाचं घातलं, तर दीड टाकी नळाच्या पाण्यातला सगळा ऐवज पाच महिन्यांत तुमच्या टाकीत साठलेला असतो, मिठाचं पाणी कितीही शुद्ध केलेलं असलं तरी.

किनाऱ्यावरून कॅन भरून समुद्राचं पाणी आणण्याचा मोह मुंबईकरांनी टाळावा. शहराचं सांडपाणी त्याच किनाऱ्याला मिळतं आणि पावसाळ्यात तर खारटपणाही घसरलेला असतो.

एक ग्रॅम खाण्याचा हिशोब

टाकीत फॉस्फेट मुख्यतः माशांच्या खाण्यातून येतं. किती येतं ते पाहण्यासारखं आहे. कोरड्या खाण्यात फॉस्फरस सुमारे १ टक्का धरला, तर एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम फॉस्फरस होतो. फॉस्फेटच्या रूपात मोजला तर तो साधारण तिप्पट, म्हणजे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये तो मिसळला तर प्रतिलिटर ०.१५ मिलिग्रॅम. बहुतेक प्रवाळ-टाक्यांमध्ये फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे चिमूटभर जास्तीचं खाणं, ते कुठूनही बाहेर काढलं गेलं नाही तर, सगळी मर्यादा एका दिवसात ओलांडू शकतं.

याचा अर्थ माशांना उपाशी ठेवा असा नाही. सुकत चाललेला मासा आणि स्वच्छ काच हा सौदा कुणी करू नये. दोन मिनिटांत संपेल इतकंच घालायचं. गोठवलेलं खाणं आधी गाळणीत शुद्ध पाण्याने धुऊन घ्यायचं, कारण वितळलेल्या रसातही फॉस्फेट असतं. सुट्टीवर जाताना शेजाऱ्यांकडे डबा देण्याऐवजी दिवसागणिक पुड्या बांधून द्याव्यात. प्रेमाने जास्त खाऊ घालणारे शेजारी प्रत्येकालाच भेटतात.

आत आलेलं बाहेर काढायचे मार्ग म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर, पाणी बदलणं, गाळाचं सायफन आणि जीएफओ, म्हणजे फॉस्फेट पकडून ठेवणारे लोहऑक्साइडचे तपकिरी दाणे. नायट्रेट प्रतिलिटर ५० मिलिग्रॅम असताना दर आठवड्याला २० टक्के पाणी बदललं आणि नवीन काहीच आत आलं नाही, तर पाच आठवड्यांनी ते १६ च्या आसपास येतं. फॉस्फेट मात्र इतक्या सरळपणे उतरत नाही. चुनखडीचे दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतात. दिवसभर उन्हात तापलेला कातळ रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो, तसे. वर्षभर जास्त फॉस्फेटमध्ये बसलेला दगड रिकामा व्हायला महिने लागतात. अशा वेळी भरमसाठ जीएफओ टाकून आकडा रातोरात पाडला तर शेवाळाआधी प्रवाळच आजारी पडतात. थोडं जीएफओ, आठवड्याला एक चाचणी आणि हळूहळू उतरणारा आकडा, एवढंच करावं.

किटचा शून्य

टाकी हिरव्या केसांनी भरलेली आणि टेस्ट किट मात्र नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दाखवतं. हे पाहून लोक किटला दोष देतात. किट बहुधा बरोबर असतं. ते पाण्यात उरलेलं मोजतं, आणि आलेलं सगळं शेवाळाने आधीच उचललेलं असतं. म्हणून आकडा नेहमी टाकीकडे पाहून वाचायचा. केसाळ शेवाळ जोरात असताना शून्य आला तर पुरवठा चालूच आहे असं समजा. दगड स्वच्छ, वाळूवर तपकिरी तारा आणि आकडा शून्य, तर पुरवठा खरोखर तुटलाय आणि डायनोंना तेच हवंय.

आणखी एक खाचखळगा. काही किट नायट्रेटचा आकडा देतात, काही फक्त त्यातल्या नायट्रोजनचा. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणला की नायट्रेट मिळतं. हे न पाहता दोघांनी आपापले आकडे ताडून पाहिले तर दोघांचीही दिशाभूल होते.

केस, पिसं आणि फुगे

केसाळ शेवाळावर पहिला आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय म्हणजे हात. उपटलेल्या प्रत्येक झुपक्याबरोबर त्याने शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर जातं. तेच शेवाळ टाकीत मेलं तर ते सगळं परत पाण्यात. म्हणून उपटताना शेजारी सायफनची नळी चालू ठेवावी, सुटलेले तुकडे तिच्यातून बादलीत जातील. सुटा दगड असेल तर बाहेर काढून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासावा.

बाहेर काढलेल्या दगडावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावूनही शेवाळ जळतं. त्यासाठी ३ टक्क्यांचं द्रावण लागतं. आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, तेव्हा लेबल वाचून तेवढंच पाणी घाला, काही मिनिटांनी दगड मिठाच्या पाण्यात धुऊन मगच परत ठेवा. कोळंबी आणि खेकड्यांना पेरॉक्साइड सोसत नाही.

दगड उकळून शेवाळ मारायचा विचार मात्र मनातही आणू नका. पॅलिथोआ जातीच्या झोअँथिडांमध्ये, म्हणजे दगडांना चिकटून वाढणाऱ्या प्रवाळांसारख्या मऊ जिवांमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. असे दगड उकळल्यामुळे उठलेल्या वाफेने माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

ब्रायोप्सिस उपटून संपत नाही, उरलेल्या बारीकशा मुळातून ते पुन्हा फुटतं. त्याच्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चांगलं चालतं. प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम हे शौकिनांमध्ये रूढ प्रमाण आहे, म्हणजे २०० लिटरला १००० मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. हे माणसांचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. ब्रायोप्सिसची खात्री पटल्याशिवाय आणि हाताने काढून पाहिल्याशिवाय ते वापरू नये. शेवाळ एकदम मेलं की पोषकद्रव्यं उसळतात, त्यासाठी पाणी बदलायची तयारी आधीच करून ठेवावी.

व्हॅलोनियाचे फुगे न फोडता, मुळाशी नख किंवा बोथट सुरी सरकवून एकेक काढावेत. फुटला तरी सायफन तोंडाशी असला की बरंचसं बाहेर जातं. एमराल्ड क्रॅब हा हिरवा खेकडा फुगे खातो, पण प्रत्येक खेकडा खाईलच असं नाही.

लाल थर

सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरतात. त्यामुळे नायट्रेट शून्यावर आणून त्यांची उपासमार होत नाही, उलट त्यांचे प्रतिस्पर्धीच आधी मरतात. त्यांना आवडतो तो संथ प्रवाह आणि साठलेला गाळ. वेव्हमेकरची, म्हणजे टाकीतलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाची, दिशा बदलून टाकीतले निपचित कोपरे हलते करा. ताशी टाकीच्या वीसपट, म्हणजे ४००० लिटरच्या आसपास प्रवाह असावा. वाळूचा वरचा थर सायफनने साफ करा आणि नायट्रेट अगदीच तळाला असेल तर ते थोडं वाढू द्या. तीन दिवस संपूर्ण अंधार केला तरी थर पातळ होतो, पण गाळ आणि प्रवाह तसाच ठेवला तर दिवे लागताच तो परत येतो.

यावर एरिथ्रोमायसिन टाकणारे लोक आहेत. थर जातो हे खरं. पण घरातल्या टाकीच्या सौंदर्यासाठी माणसांचं प्रतिजैविक गटारात सोडणं मला अजिबात पटत नाही. टाकीतल्या उपयोगी जिवाणूंनाही त्याची झळ बसू शकते.

डायनो

सगळ्यांत जास्त टाक्या लोकांनी मोडल्या असतील तर त्या डायनोंपायी. माणूस जितकी स्वच्छता वाढवतो तितके ते वाढतात. जीएफओ जास्त, स्किमर जोरात, खाणं कमी, पाणी बदलणं दुप्पट. असं झालं की इतर सगळ्या सूक्ष्म जिवांची उपासमार होते आणि थोडक्यात भागवणारे डायनो एकटे उरतात.

उलट दिशेने चालायचं. जीएफओ काढून टाका. खाणं थोडं वाढवा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान येऊन टिकेपर्यंत रोज किंवा दिवसाआड मोजा. खाण्याने भागत नसेल तर सोडियम नायट्रेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेटची पातळ द्रावणं थेंबाथेंबाने घालणारेही आहेत. त्यासाठी शुद्ध दर्जाचं रसायन आणि नेमका तराजू हवा. हे चालू असताना आधी टाकी आणखी वाईट दिसते, मग कुठेतरी हिरवं शेवाळ दिसू लागतं. त्या हिरव्याचं स्वागत करा. डायनोंची जागा दुसरं कुणीतरी घेऊ लागलंय, याची ती पहिली खूण आहे.

पुढचा उपाय जातीवर ठरतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून टाकीचं पाणी थेट यूव्ही दिव्यातून हळू फिरवलं की दोन-तीन आठवड्यांत त्यांची संख्या कोसळते. सोबत तीन दिवसांचा अंधार केला तर आणखी चांगलं. अँफिडिनियम वाळू सोडतच नाहीत. त्यांच्यावर यूव्ही व्यर्थ. तिथे काही जण पाण्यात थोडं सिलिकेट घालून मुद्दाम डायाटम वाढवतात, म्हणजे वाळूवरची जागा डायाटम बळकावतात. सूक्ष्मदर्शकाचा आग्रह धरला तो यासाठी. नाव न कळता घेतलेला महागडा यूव्ही दिवा अर्ध्या लोकांच्या काहीच कामाचा नसतो.

ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर त्यांचा बहर आला, तेव्हा समुद्राच्या तुषारांतून त्रास होऊन दोनशेच्या आसपास लोकांना ताप, खोकला आणि श्वासाच्या तक्रारींसाठी उपचार घ्यावे लागले. घरातल्या टाकीचा पसारा तेवढा नसतो, तरी डायनो काढताना हातमोजे घाला, सायफन तोंडाने ओढू नका आणि हाताला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. विषाने गोगलगायी मरत असतील तर त्यांना दुसऱ्या भांड्यात हलवा. तेवढ्यात नव्या आणून टाकण्यात अर्थ नाही.

चरणारे जीव

पोषकद्रव्यं कमी ठेवली की शेवाळ येत नाही, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जमैकाच्या समुद्राने दाखवून दिलं. तिथे अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे फार कमी उरले होते आणि प्रवाळांवरचं शेवाळ खरवडायचं काम मुख्यतः डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या समुद्री साळिंद्रांवर येऊन पडलं होतं. १९८३ मध्ये पनामाजवळ सुरू झालेली एक साथ वर्षभरात कॅरिबियन समुद्रभर पसरली आणि ९० टक्क्यांहून जास्त साळिंद्रं मेली. वादळाचा तडाखाही आधी बसलेला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या प्रवाळभिंतींवर पन्नास टक्क्यांच्या वर असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन नव्वदच्या सुरुवातीला पाच टक्क्यांखाली आलं. त्या जागेवर शेवाळ बसलं.

टाकीतही चरणारे लागतात. टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी काच आणि दगड साफ ठेवतात, सेरिथियम वाळूत फिरतात. छोट्या टाकीला सॅलॅरियास ब्लेनी हा दिवसभर दगड खरवडणारा मासा शोभतो. टँग, म्हणजे सर्जनफिश, उत्तम चरतात, पण त्यांना पोहायला लांब टाकी लागते. यलो टँगसाठीसुद्धा २०० लिटर अपुरे आहेत. शेवाळ संपवायला म्हणून मासा विकत घ्यायचा असेल, तर शेवाळ संपल्यावर तो त्या टाकीत दहा वर्षं सुखाने जगेल का, हे आधी पाहावं. गोगलगायीही थोड्याच आणाव्यात. अन्न संपून मेलेली प्रत्येक गोगलगाय पुन्हा फॉस्फेटच होते. आणि लांब वाढलेले केस यांपैकी कुणीही सहसा खात नाही. आधी हाताने छाटा, मग येणारा कोवळा फुटवा ते खातील.

शेवाळासाठी वेगळी जागा

शेवाळाला वाढायचंच आहे, तर ते आपल्या सोयीच्या जागी वाढवता येतं. टाकीखालच्या सम्पमध्ये एक कप्पा मोकळा ठेवून त्यात कीटोमॉर्फा हे गुंतवळीसारखं शेवाळ ठेवायचं, त्यावर रात्री दिवा लावायचा आणि वाढेल तसं ते काढून टाकायचं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास जिवंत प्रवाळ-परिसंस्थेची मोठी टाकी उभारली, तेव्हा पाणी शुद्ध करायला उथळ तबकातल्या जाळीवर शेवाळ वाढवून ते नियमित खरवडायची पद्धत वापरली. आजचे ‘अल्गी स्क्रबर’ त्याच कल्पनेवर चालतात. पद्धत चांगली आहे, पण काढणी नेमाने व्हायला हवी. कप्प्यात कॉलर्पा ठेवू नका. ती कधीकधी एकाच रात्रीत बीजपेशी सोडून विरून जाते, पाणी गढूळ होतं आणि शोषलेलं सगळं परत येतं.

मुख्य टाकीचे दिवे पूर्ण प्रखरतेने आठ तास पुरतात. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा. गोड्या पाण्यासाठी विकली जाणारी शेवाळनाशकं मात्र घेऊ नका. त्यांतल्या अनेकांत तांबं असतं आणि तांब्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळे मरतात.

काढलेलं शेवाळ कुठे जातं

१९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाजवळ समुद्रतळावर कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम चौरस मीटरभर ठिपका दिसला. मत्स्यालयांत वाढवलेला, थंडी सोसणारा हा वाण पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला आणि आता तो तिथून निघण्यासारखा नाही. तोच वाण २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात सापडला. तिथे शेवाळावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं. २००६ मध्ये तो संपल्याचं जाहीर होईपर्यंत सत्तर लाख डॉलरहून जास्त खर्च झाला होता. एका टाकीतून ओतलेलं पाणी किंवा शेवाळाचा तुकडा एवढ्या घडामोडींना पुरतो.

आपली शहरं खाड्यांच्या काठावर आहेत. उपटलेलं शेवाळ, झाडलेला स्पंज, नको झालेला दगड यांतलं काहीही नाल्यात, खाडीत किंवा किनाऱ्यावर टाकू नका. शेवाळ रात्रभर नळाच्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी गच्चीत कडकडीत वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका. बदललेलं पाणी बारीक कापडातून गाळून शौचालयात ओता, पावसाळी गटारात नको. गाळणीत उरलेलं तेही वाळवा.